आसारामचं वायरिंग

फोन आला तेव्हा दुपारचा एक वाजून दहा मिनिटं झाली होती आणि पोलीस निरीक्षक गहिनीनाथ दहिफळे डबा उघडत होते. मे महिन्यातला बुधवार. संगमनेरच्या ठाण्यातला पंखा गरम हवाच फिरवत होता.

"साहेब, नाशिक-पुणे रस्त्यावरच्या मंगल कार्यालयात या. पार्किंगला गाडीत म्हातारी बाई गेलीय."

दहिफळेंनी डबा बंद केला. त्या दिवशी तो पुन्हा उघडलाच नाही.

पटांगणाच्या मधोमध पांढरी इलेक्ट्रिक गाडी उभी होती. चालकाच्या बाजूची काच फुटलेली, चारही दारं सताड उघडी. मागच्या सीटवर पट्टा लावलेली एक वृद्ध बाई बसल्या जागी कलंडली होती. चेहरा लालभडक, ओठ फाटलेले. डाव्या हाताची नखं दाराच्या आतल्या कडेत रुतून तुटली होती. उजवा हात मांडीवर तसाच होता, कारण तो गेले नऊ महिने हलतच नव्हता.

विजया निसळ, वय एकाहत्तर, निवृत्त शिक्षिका. मागच्या श्रावणात पक्षाघात झाला, उजवी बाजू गेली, वाचाही गेली. गाडीबाहेर जमिनीवर बसून रडणारा माणूस त्यांचा मुलगा अनिमेष. वय अडतीस, घरी बसून पुण्याच्या एका कंपनीचं काम करायचा. आईला भरवणं, पुसणं, फिरवणं सगळं तोच करी. 'मुलगा असावा तर असा' असं ज्याच्याबद्दल बोललं जातं, तो हा.

"काय झालं?" दहिफळेंनी विचारलं.

"मित्राचं लग्न होतं. आईला गर्दी सोसत नाही, म्हणून एसी चालू ठेवून तिला गाडीतच बसवलं."

"किती वाजता?"

"बारा वाजून पाच मिनिटं. अक्षता पडल्या, दोन घास खाल्ले आणि एकला परत आलो. गाडी पूर्ण बंद. किल्लीनं दार उघडेना, काही लागेना. छोटी बॅटरीच उतरली असणार."

"मागचं दार आतून का नाही उघडलं?"

"चाइल्ड लॉक असतं साहेब. चालत्या गाडीत तिनं एकदा हँडल ओढलं होतं."

काच फोडली होती कार्यालयाच्या रखवालदारानं. काकासाहेब त्याचं नाव. पन्नाशीचा, हातात अजून दगड.

"सांग, काय झालं."

"हे साहेब 'आई, आई' करत पळत आले. दार उघडत न्हाई म्हनले. म्या दगड घातला, आत हात घालून दार उघडलं. तशी गाडी जी बोंबलायला लागली, कान बसले. मग झाली गप. मागं बघतो तर म्हातारी गेलेली. आत हात घातला तर भट्टी, साहेब."

दहिफळेंनी जबाबात लिहिलं : 'रखवालदाराने काच फोडून दार उघडले.' ऊन डोक्यात शिरत होतं. बाकीचं त्यांना लिहिण्यासारखं वाटलं नाही.

गाडी ओढून ठाण्याच्या आवारात आणली आणि जप्तीच्या मोटारसायकलींच्या रांगेत उभी केली. पोलिसांनी उभी केलेली गाडी, म्हणजे तिच्याकडे पुन्हा कधी बघितलं जाईल याचा भरवसा नाही. कंपनीचा तंत्रज्ञ अहिल्यानगरहून आला तो थेट शनिवारी.

त्यानं मीटर लावला, चालकाच्या पायाजवळचं झाकण काढलं आणि दहा मिनिटांत निकाल दिला.

"छोटी बॅटरी ठार उतरलीय. गाडीत बाहेरच्या दुकानातून कॅमेरा बसवून घेतलाय, पुढं एक, मागं एक. हे कॅमेरे गाडी उभी असतानाही वीज खातात. बॅटरी फार उतरू नये म्हणून मध्ये ही कट-ऑफची डबी असते. बॅटरी ठरावीक खाली आली की ती कॅमेरा बंद करते. इथं डबीला वळसा घालून एक जादा वायर टाकलीय. म्हणजे कॅमेरा बॅटरी पिऊन टाकेपर्यंत थांबणारच नाही."

"कोणी टाकली?"

"ज्यानं कॅमेरा बसवला त्यानं. आणखी कोण?"

कॅमेरा बसवला होता आसाराम वर्पेनं, तीन आठवड्यांपूर्वी. आसारामचं अकोले नाक्याकडे छोटं दुकान. पंचवीस वर्षं गाड्यांचं वायरिंग. कॅमेऱ्यात चित्रं साठवायचं कार्ड नव्हतंच. अनिमेष म्हणाला, आसारामनं ते दिलंच नाही.

तंत्रज्ञाचं म्हणणं ठाण्यातून गावात पोचायला अर्धा तास लागला. त्याच संध्याकाळी वीस-पंचवीस माणसं आसारामच्या दुकानावर गेली. सगळ्यांत पुढं होती अनिमेषची बहीण मनवा, पुण्याहून आलेली. आसाराम दुकान बंद करून आत पळू बघत होता. एक हात बाहेर राहिला. मनवानं शटर धरलं आणि खाली ओढलं. मग पुन्हा वर करून पुन्हा ओढलं.

दहिफळेंनी तिच्यावर काही लिहिलं नाही. आई गेलेली बाई, गावाची सहानुभूती, वरून आलेले दोन फोन. आसारामवर मात्र निष्काळजीपणानं मृत्यूला कारण झाल्याचा गुन्हा दाखल झाला आणि सरकारी दवाखान्यात त्याच्या खाटेशी एक शिपाई बसवला गेला. गरिबाला तुडवायला फार कागद लागत नाहीत.

सोमवारी सकाळी दहिफळे त्याचा जबाब घ्यायला गेले.

आसाराम पन्नाशीला टेकलेला, सडपातळ. उजव्या पंजाचा पांढरा गोळा केलेला. डॉक्टर बाहेरच सांगून गेले होते, मधली तीन बोटं आता वळणार नाहीत. खाटेशेजारी त्याची बायको कडूबाई बसली होती. ती उठली नाही, नमस्कारही केला नाही.

"ती जादा वायर का टाकलीस?"

"कुठली?"

"डबीला वळसा घालणारी."

आसारामनं पांढरा पंजा मांडीवर घेतला. मग म्हणाला, "साहेब, मी वायर लपवतो. छताच्या कापडातून आननार, खांबातून खाली घेनार, तीबी एअरबॅगच्या मागून. पुढून घेतली तर बॅग उघडताना वायर आडवी येती. कंपनीच्या वायरीला मी कधी सुरी लावली न्हाई. फ्यूजच्या रिकाम्या जागेवरनं लाईन घेतो. नारिंगी वायर म्हंजे जबर करंट, ती दिसली का हात मागं. तिथं यम बसलेला हाय. एवढं करनारा मानूस डबी लावून परत डबीलाच वळसा कशाला घालील?"

"मग कोणी घातला?"

"ते तुमी शोधा. मी एक इचारू का?"

"विचार."

"म्हातारी बसली तवा गाडी चालू हुती का बंद?"

"चालू. एसी चालू होता."

"मंग बॅटरी उतरलीच कशी?"

दहिफळेंनी पेन खाली ठेवलं.

"या गाडीला दोन बॅटऱ्या असत्यात," आसाराम म्हणाला. "मोठी गाडी पळवती. छोटी दिवे, कुलपं, भोंगा, काचा बघती. गाडी चालू असली का मोठी बॅटरी छोटीला सारखी भरत ऱ्हाती. एसी चालू म्हंजे गाडी चालू. माझा कॅमेरा किती खानार? एका बाजूनं तांब्यानं काढा आन् दुसऱ्या बाजूनं नळ सोडा, हंडा रिकामा व्हतो का?"

"आणि गाडी बंद असली तर?"

"तर डबी नसताना दोन-चार दिवसांत उतरंल. एका तासात न्हाई."

दहिफळेंनी मनातल्या मनात दिवस मोजले. गाडी बुधवारी आणली, तंत्रज्ञ शनिवारी आला. मधले तीन दिवस ती त्यांच्याच आवारात उभी होती. बुधवारी बॅटरी जिवंत होती की मेलेली, हे एकाही पोलिसानं तपासलं नव्हतं. स्वतः त्यांनीही नाही. त्यांना स्वतःची चीड आली, आणि ती लपवायला ते कडूबाईकडे वळले.

"तुम्हाला काही सांगायचंय?"

"सांगायचं न्हाई, दाखवायचंय," कडूबाई म्हणाली. "दुकानाला तुमी सील ठोकलंय. ते उघडा."

दुकानात भिंतीवर खिळ्यांच्या तीन रांगा होत्या. प्रत्येक खिळ्याला वायरींच्या तुकड्यांची लहानशी मोळी आणि प्रत्येक मोळीला पुठ्ठ्याची चिठ्ठी, तिच्यावर गाडीचा नंबर.

"हे काय?"

"ज्या गाडीत जी वायर घातली, तिचा कापून उरलेला तुकडा. गाडी परत आली तर कुठली वायर कुठं गेली ते कळतं. मोळ्या मीच बांधते. त्यांचं अक्षर वाचवत न्हाई."

निसळांच्या गाडीची मोळी तिनं क्षणात काढली. चार तुकडे होते : लाल, पिवळा, काळा आणि मागच्या कॅमेऱ्याची जाड काळी केबल.

दोन पंचांना घेऊन सगळे ठाण्याच्या आवारात आले. दहिफळेंनी स्वतः वाकून झाकण काढलं. कडूबाईनं पदर खोचला, स्टिअरिंगखाली डोकं घातलं आणि एकेक वायर बोटानं धरून मोळीशी लावली.

"ही आमची. ही आमची. ही काळी आमची." ती थांबली. "ही न्हाई."

जादा वायर बोटभर लांबीची होती. तांबूस लाल, हाताला रबरासारखी मऊ. आसारामची लाल वायर कडक होती, आणि दोन्हींचा रंग शेजारी धरल्यावर कुणालाही वेगळा दिसला असता. आजवर कुणी शेजारी धरल्याच नव्हत्या.

"टेपबी बघा," ती म्हणाली. "आमचे हे टेप गुंडाळून झाली का शेवटचं टोक दुमडून ठेवत्यात. उद्या दुसऱ्या कारागिराला उघडायची झाली तर नख लागावं म्हनून. बाकी समद्या जोडांना दुमड हाय. ह्या दोनाला न्हाई."

दहिफळेंनी पाहिलं. जोड सुबक होते. कुणीतरी मन लावून आसारामची नक्कल केली होती, फक्त ती दुमड कशासाठी असते हे त्याला ठाऊक नव्हतं.

"ही वायर कुठे मिळते?"

"गाडीच्या दुकानात तरी न्हाई. अशी लेचीपेची वायर गाडीत कोन घालतं?"

तिथून दहिफळे कार्यालयात गेले. काकासाहेब पटांगणात पाणी मारत होता.

"त्या दिवशी गाडी बोंबलली म्हणालास. कशी?"

"भोंगा. पों-पों-पों. दिवेबी उघडझाक करत हुते."

"काच फोडली तेव्हा?"

"न्हाई, आत हात घालून दार उघडलं तवा."

"किती वेळ?"

"धा-पंधरा सेकंद आसंल. मग आपोआप थांबली."

"तू काही दाबलंस?"

"मी कशाला? माझं ध्यान म्हातारीकडं."

"मुलगा कुठे होता?"

काकासाहेबानं आठवून बघितलं. "माझ्या मागं. एक हात तोंडावर. एक खिशात."

"गाडी त्यानं इथे मधोमध का लावली? लिंबाखाली सावली आहे की."

"म्या म्हनलं हुतं, साहेब. जागाबी हुती. तर म्हनले, पाखरं घान करत्यात. म्या म्हनलं मोठी मानसं, गाडीला जपत्यात."

दहिफळे उन्हात उभे राहिले. लिंबाची सावली तिथून वीस पावलांवर होती.

शेवटचा प्रश्न होता वायरीचा. ती गाडीवाल्याच्या घरातलीच असणार, आणि तिच्याविषयी विचारण्यासारखी एकच व्यक्ती निसळांकडे बाहेरून येत होती. संस्कृती कडलग, फिजिओथेरपिस्ट, आठवड्यातून दोनदा विजयाबाईंकडे जायची. हात-पायांचे व्यायाम आणि बोलण्याचा सराव, दोन्ही तीच घ्यायची.

तिच्या दवाखान्यात दहिफळेंनी वायरीचा फोटो दाखवला.

"ही कुठे पाहिलीय?"

"ही तर स्टिम्युलेटरची वायर. स्नायूंना हलका करंट देतो ना, ते मशीन. काकूंच्या घरीही आहे. म्हणजे होतं. सोमवारी गेले तर अनिमेषदादा म्हणाले, वायर तुटली, नवी मागवलीय."

"कुठला सोमवार?"

"त्या गेल्या त्याच्या दोन दिवस आधीचा."

"त्याच्या आधी काही विशेष घडलं होतं?"

संस्कृतीचे डोळे भरले. "चांगलंच घडलं होतं. काकू बोलायला लागल्या होत्या. तीन आठवडे एकच वाक्य घोकत होत्या. मी विचारलं दुसरे शब्द घेऊया का, तर नाही म्हणून मान हलवायच्या. दादा तेव्हा दुसऱ्या खोलीत कामाच्या फोनवर असायचे. रविवारी मी दादांना फोन केला. म्हटलं, काकू तुमचं नाव घेऊन काहीतरी सांगतायत, रेकॉर्डिंग पाठवू का?"

"मग?"

"नको म्हणाले. समोरच ऐकेन म्हणाले."

"वाक्य काय होतं?"

तिनं मोबाईल काढला आणि ऐकवलं. दहिफळेंनी ते दोनदा ऐकलं.

मंगळवारी सकाळी दहिफळे दोन शिपाई आणि पंचांना घेऊन निसळांच्या घरी गेले. सुतकाचं घर. कोपऱ्यात पणती, भेटायला आलेल्यांच्या चपला. दहिफळेंनी बाकीच्यांना बाहेर बसवलं. खोलीत फक्त भाऊ-बहीण राहिले.

"मनवाताई, आईचं करंट द्यायचं मशीन घरात आहे का?"

"असेल. आतल्या कपाटात."

"आणा."

"कशाला साहेब?" अनिमेष म्हणाला. "ते बंद आहे."

"तरी आणा."

मनवा मशीन घेऊन आली. काळी वायर धड होती. तांबूस लाल वायर मध्येच कापलेली होती.

दहिफळेंनी खिशातून सीलबंद पिशवी काढली. आतला बोटभर तुकडा मशीनच्या वायरीशेजारी धरला. तोच रंग, तोच मऊपणा. कापलेल्या टोकांवर पक्कडीच्या दातांची खूणही सारखीच होती.

"हा तुकडा गाडीत सापडला. डबीला वळसा घालणारी वायर ती हीच. आसाराम या घरात कधी आला होता?"

"नाही," मनवा म्हणाली. "दादाच गाडी घेऊन त्याच्याकडे गेला होता."

"कुणीही घातली असेल," अनिमेष म्हणाला. "मोलकरीण, ती फिजिओ..."

"ऐका. मी सांगतो, चुकलं तर थांबवा." दहिफळे खुर्ची ओढून बसले. "तुम्ही म्हणालात एसी चालू होता. एसी चालू असला की मोठी बॅटरी छोटीला भरत राहते. मग छोटी उतरणं शक्य नाही. म्हणजे एकतर बॅटरी उतरली नव्हती किंवा एसी चालू नव्हता. खरं काय, ते काकासाहेबानं पहिल्याच दिवशी मला सांगितलं होतं. मीच बहिरा. त्यानं आत हात घालून दार उघडलं आणि गाडी बोंबलली. बॅटरी मेलेली गाडी बोंबलत नाही."

दहिफळेंनी पिशवी परत खिशात ठेवली.

"आणि चोरीचा भोंगा कधी वाजतो? गाडी बंद करून किल्लीनं कुलूप लावलं असेल तरच. काल कंपनीच्या माणसाकडून लेखी घेतलंय. म्हणजे बारा वाजून पाच मिनिटांनी तुम्ही गाडी बंद केलीत, आई आत असताना कुलूप लावलंत आणि अक्षता टाकायला गेलात. सावली सोडून गाडी उन्हात लावलीत. एक तासानं आलात. किल्ली चालत नाही असं नाटक केलंत, कारण साक्षीदार हवे होते. पण भोंगा तुमच्या हिशेबात नव्हता. तो वाजला तेव्हा तुमचा एक हात खिशात होता. खिशातल्या खिशात किल्लीचं बटण दाबून तुम्ही तो बंद केलात. जी किल्ली चालत नव्हती, तीच."

"हे अंदाज आहेत."

"वायर अंदाज नाही. लग्नाच्या आधी तुम्ही ती घातलीत. डबी काम करेनाशी झाली की कॅमेरा बॅटरी खाणार, दोन-चार दिवसांत बॅटरी ठार होणार. पोलीस गाडी ओढून नेतील आणि विसरतील, हेही तुम्ही धरलं होतं. त्यात तुमचा अंदाज बरोबर आला. कार्डही तुम्हीच काढलंत. आळ जाणार त्या वायरवाल्यावर. दहा रुपयांची वायर बाजारातून आणली असतीत तर कदाचित सुटलाही असतात. पण इथल्या बाजारात कोणत्याही दुकानात गेलात तरी पहिला प्रश्न येतो, कशाला पाहिजे. त्याची तुम्हाला भीती वाटली. म्हणून आईच्या मशीनची कापलीत."

मनवा भिंतीला टेकली. "दादा, काहीतरी बोल. तू तिला नऊ महिने सांभाळलंस. तू तिला कशाला..."

"सांभाळलं नाही, राखलं," दहिफळे म्हणाले. "ताई, मागच्या श्रावणात आई पडल्या त्या दिवशी हे कुठे होते?"

"मित्रांबरोबर भंडारदऱ्याला. पहाटे पाचला निघाला. तेव्हा आई झोपली होती. दुपारी एक वाजता कामवालीनं..."

"डॉक्टरांचे कागद मी वाचलेत. आई आठ तासांहून जास्त वेळ पडून होत्या. म्हणजे हे घरात असतानाच पडल्या. वेळेत नेलं असतं तर वाचाही वाचली असती, हातही. त्या दिवसापासून यांनी त्यांच्याजवळ दुसऱ्या कुणाला फारसं बसू दिलं नाही. त्या रविवारी फिजिओचा फोन आला, आई बोलायला लागल्या, यांचं नाव घेऊन काही सांगतायत. यांना वाटलं, आता सगळं बाहेर येणार. रविवार ते बुधवार, चौथ्या दिवशी आई गेल्या."

"खोटं आहे," अनिमेष म्हणाला. पण तो बहिणीकडे बघत नव्हता.

"ते वाक्य तुम्ही ऐकलं नाहीत. ऐकायला हवं होतं."

दहिफळेंनी मोबाईल टेबलावर ठेवला. आधी संस्कृतीचा आवाज आला, 'सावकाश काकू, परत एकदा.' मग एक जड, फाटका आवाज. एकेका अक्षरासाठी श्वास घेणारा.

"अनि... मेष. मी... कुनाला... सांग... नार... नाई."

आवाज पुन्हा आला. यावेळी शेवटचा शब्द स्पष्ट होता.

"तीन आठवडे त्या हेच घोकत होत्या," दहिफळे म्हणाले. "तुम्हाला सांगण्यासाठी."

अनिमेषनं मोबाईलकडे हात नेला आणि मध्येच थांबवला. त्याचं तोंड उघडं राहिलं होतं. तो बोलला ते बहिणीशी नाही, पोलिसांशीही नाही.

"ती बघत होती. मला वाटलं संपलीच, आता नेऊन काय करायचं. खाली मित्रांची गाडी हॉर्न देत होती. मी दार लावून घेतलं तेव्हा ती माझ्याकडेच बघत होती. नऊ महिने मी तिला भरवत होतो आणि ती तशीच बघायची. मला ते सहन होत नव्हतं."

शिपायांनी त्याला उठवलं. मनवा त्याच्या वाटेत उभी होती. ती बाजूला झाली, एवढंच. तिनं त्याला मारलं नाही. आपले दोन्ही हात ती साडीला पुसत राहिली, पुन्हा पुन्हा.

दुपारी ती दवाखान्यात आली. दहिफळे आसारामच्या खाटेशी उभे होते. गुन्ह्यातून त्याचं नाव काढण्याचा अहवाल पाठवलाय हे त्यांनी आताच सांगितलं होतं. शिपाई उठून गेला होता.

"दादा," मनवा म्हणाली. आणखी काही बोलायच्या आत ती खाली बसली आणि खाटेच्या कडेला डोकं टेकलं. "मला माफ करा. मला माहीत नव्हतं."

आसारामनं पाय जवळ ओढून घेतले.

"ताई, उठा. तुमची आई गेली, त्याचं मला वाईट वाटतं. लई वाईट मरन आलं त्यांना."

"हाताचा सगळा खर्च मी करीन. पुण्याला नेऊ, मोठ्या डॉक्टरला दाखवू."

"दाखवलं तर बोटं वळतील का?"

मनवानं त्याच्या बँडेजकडे पाहिलं.

"पंचवीस वर्सं ह्या तीन बोटांनी मी अंधारात वायर वळखली. डोळ्यानं न्हाई, बोटानं. तुमी एकदा शटर ओढलं, ते मी समजून घेतलं आसतं. आई गेलेली हाय, डोकं फिरतं मानसाचं. पन तुमी ते वर केलं. माझा हात बघितला. आन् परत ओढलं."

कडूबाई खिडकीकडे तोंड करून उभी होती. मनवाचा हुंदका ऐकून तिनं वळून पाहिलं नाही.

"ताई म्हणतायत तर..." दहिफळे बोलू लागले. त्यांना काय म्हणायचं होतं ते त्यांनाही नीट ठाऊक नव्हतं. कदाचित मिटवा असंच म्हणायचं असेल. इतक्या वर्षांची सवय.

"साहेब, त्या म्हातारीनं सांगनार न्हाई म्हनलं. तिचं काय झालं ते तुमीच मला आता सांगितलं," आसाराम म्हणाला. "मी सांगनार. शनवारी तुमी माझी तक्रार घेतली न्हाई. आता घ्या."

दहिफळेंनी वही उघडली. आसाराम सांगत गेला, सावकाश, वेळ आणि माणसं धरून. शटर दोनदा ओढल्याचं त्यानं दोनदा लिहून घ्यायला लावलं. मनवा तिथेच जमिनीवर बसून ऐकत होती आणि कुणीही तिला जा म्हणालं नाही.

लिहून झाल्यावर दहिफळेंनी वही पुढे केली. आसारामनं उजवा हात सवयीनं उचलला, बँडेजकडे पाहिलं आणि खाली ठेवला. शाईचं पॅड कडूबाईनं धरलं. त्यानं डावा अंगठा उमटवला.

"नाव मला येतं लिवायला," तो म्हणाला. "तेवढं खाली लिहून ठेवा."

दहिफळेंनी ते लिहिलं.